एकवीस दिवस थांबा

(दृश्य: पडद्यावर चेंजलॉग, म्हणजे बदलांच्या नोंदींची फाइल. कर्सर सगळ्यात वरच्या नोंदीवर.)

ही शेवटची नोंद. चार वर्षांपूर्वीची. 'नवी आवृत्ती आणली, दोन बग मिटवले.' खाली नाव, तारीख, आणि मग सामसूम. मूळ प्रोग्रॅमच्या मधल्या काळात तीन आवृत्त्या निघाल्या. डेबियन या मोफत लिनक्स प्रणालीवर इन्स्टॉल करायला गेलं की येते ती जुनीच.

प्रोग्रॅम डेबियनसाठी बांधून दिलेला असतो, ते पॅकेज. ते सांभाळणारा मेंटेनर गेला कुठे? नोकरी बदलली असेल, घरात तान्हं बाळ असेल, किंवा सरळ कंटाळा आला असेल. बिनपगारी कामाचा राजीनामा द्यायचंही राहून जातं.

डेबियन 1993 पासून स्वयंसेवकांच्या जिवावर चालतं, त्यामुळे तिथे हे नवीन नाही. सांगून सोडलेल्या पॅकेजवर 'ऑर्फन्ड', म्हणजे अनाथ, असा शिक्का बसतो आणि इच्छुकाला ते दत्तक घेता येतं. फेडोरा या दुसऱ्या लिनक्स प्रणालीत अनाथ पॅकेज सहा आठवड्यांत कुणी उचललं नाही, तर ते बाद होतं.

खरा पेच न सांगता गेलेल्यांचा. पॅकेज कागदोपत्री त्यांचंच.

(दृश्य: बग ट्रॅकरवर, म्हणजे तक्रारींच्या यादीत, नवी नोंद टाइप होते आहे.)

त्यासाठी डेबियनमध्ये 'सॅल्व्हेज'ची, म्हणजे बुडतं पॅकेज वाचवण्याची, वाट आहे. 'हे पॅकेज मी हाती घेऊ इच्छितो' असा बग, म्हणजे ट्रॅकरवरची नोंद, त्या पॅकेजवरच नोंदवायचा, कारणं द्यायची, आणि निदान 21 दिवस थांबायचं. तेवढ्यात मेंटेनरने हरकत घेतली, तर विषय संपला. नाही घेतली, तर सुधारलेलं पॅकेज अपलोड करायचं; तेही लगेच नाही, किमान सात दिवस मागे ठेवणाऱ्या रांगेत.

काम एका दुपारचं, थांबायचं महिनाभर. चिडचिड होणारच. मीही पूर्वी याला लाल फीत म्हणायचो.

(दृश्य: काळा टर्मिनल. एसएसएच लॉगिन, म्हणजे दूरच्या संगणकात शिरणं, अडखळतं.)

मग 29 मार्च 2024 उजाडला. आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरला एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं होतं. तो खोदत गेला आणि एक्सझेड या फाइली आकसवणाऱ्या लायब्ररीच्या 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांत पेरलेलं चोरदार, म्हणजे गुपचूप आत शिरायची वाट, सापडलं. एक्सझेडच्या थकलेल्या, एकट्या मेंटेनरला आधी अनोळखी खात्यांनी 'काम फार संथ चाललंय' म्हणून टोचलं होतं. मदतीला आलेल्या 'जिया टॅन' नावाच्या कुणीतरी दोन वर्षांहून जास्त काळ नीट काम करून विश्वास कमावला होता. म्हणजे वेळ काढण्यात तोही कमी पडला नव्हता. 21 दिवसांनी असला माणूस अडत नाही. पण सगळं उघड्यावर होतं, घाई कोण करतंय ते दिसतं, आणि जुन्या माणसाला 'अहो, मी आहे अजून' म्हणायला जागा राहते.

(दृश्य: कंट्रोल फाइल, म्हणजे पॅकेजची माहिती. 'मेंटेनर' ओळीतलं नाव खोडलं जातं, नवं उमटतं.)

आपल्या पॅकेजवर हरकत आली नाही. सात दिवसही सरले. चेंजलॉगमध्ये नवी नोंद वर चढली. जुनी, जुन्या नावासकट, तिच्याखाली तशीच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या मेंटेनरच्या इनबॉक्समध्ये पहिला बग आला. विषय: 'कालपर्यंत चालत होतं.'