मुलाखत जेवणाच्या वेळेला

दुपारचे साडेबारा. ज्वारीची भाकरी आमटीत कुस्करून मऊ केली आहे. मुलगा ताठ बसवलेला, हनुवटी किंचित खाली. चमचा अर्धाच भरायचा, कंठ वरखाली झालेला पाहायचा, मगच पुढचा घास. घाई केली की अन्न श्वासनलिकेत उतरतं आणि त्यातून न्यूमोनिया होतो.

बौद्धिक दिव्यांगांच्या निवासी संस्थेला सिस्टर नेमायची असेल, तर तिला ऑफिसात नाही, या वेळेला बोलवा. ब्रिटनमध्ये या कामासाठी नर्सिंगची वेगळी शाखा आहे, आपल्याकडे नाही. तीन वर्षांचं जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, झालं, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी आहे, तरी बोलता न येणाऱ्या चाळीस किलोच्या मुलाला भरवायचा हात बसलेला नसतो. लाळ, डायपर, किंचाळणं, सगळं पहिल्याच दिवशी दिसू द्या. झाकून नेमलेली सिस्टर दुसऱ्या पगाराची वाट पाहत नाही.

सोलापुरात नुसत्या मराठीवर भागत नाही. पूर्व भागातल्या तेलुगू विणकराचं मूल पाण्याला ‘नीळ्ळु’ म्हणतं, अक्कलकोटकडचं कानडी मूल ‘नीरु’. दुखतंय हे तर कित्येकांना कुठल्याच भाषेत सांगता येत नाही. शांत मूल अचानक डोकं आपटू लागलं, तर गोळी वाढवण्याआधी दात बघा, कान बघा, शी कधी झाली ते बघा. त्यासाठी शीचा तक्ता रोज भरायचा. हसू येतं खरं, पण पाळी बदलताना पहिल्यांदा तोच उघडावा.

सिस्टर टिकत नाहीत कारण पगार पुण्यात जास्त, हे मान्य. तरी राजीनाम्याचं मूळ बहुधा रात्रपाळीत सापडतं. रात्री दोनला फिट आली. घड्याळ पाहायचं, कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, कांदा-चप्पल तर नाहीच. पाच मिनिटांत थांबली नाही, तर डॉक्टरांनी लिहून दिलेला मिडाझोलॅमचा, म्हणजे फिट थांबवणाऱ्या औषधाचा, फवारा नाकात. मग १०८ ला फोन कोण लावणार? बाकीची पोरं जागी झालीत, त्यांना कोण बघणार? म्हणून रात्री सिस्टरबरोबर एक मावशी हवीच. पाळी बदलताना दोघी सिस्टर पंधरा मिनिटं एकत्र हव्यात, तीही पगारी.

नखं लागतात, चावेही बसतात. हिपॅटायटिस बीची लस रुजू होतानाच सुरू करा: ०, १ आणि ६ महिने, खर्च संस्थेचा. स्वयंपाकीण आली नाही म्हणून सिस्टरला भांड्यांना बसवू नका.

आणि जानेवारीत गड्डा, सोलापूरच्या सिद्धेश्वराची यात्रा. तेव्हा सगळ्यांनाच सुट्टी हवी असते. चिठ्ठ्या टाकून तक्ता डिसेंबरातच भिंतीवर लावा.