खूर, खुंटी आणि चाक: शॉनी टेकड्यांतला मुक्काम

[दृश्य: दोन्ही बाजूंना मक्याची शेतं, सरळसोट रस्ता]

अमेरिकेतलं इलिनॉय राज्य म्हणजे मका आणि सोयाबीन. तासन्‌तास गाडी हाका, क्षितिज काही जवळ येत नाही. मग अगदी दक्षिणेला, ओहायो आणि मिसिसिपी या नद्या एकमेकींकडे सरकू लागतात तिथे, रस्त्याला वळणं लागतात. कानाला दडे बसण्याइतका हा चढ नाही. इथली सगळ्यात उंच विल्यम्स हिल जेमतेम 324 मीटर भरते. हिमयुगात उत्तरेकडून सरकत आलेल्या बर्फाने राज्याचा बहुतेक भाग घासून सपाट केला, पण तो शॉनी टेकड्यांच्या पायथ्याशी थांबला. म्हणून इथे अजून कडे आहेत, घळी आहेत, पाण्याने कोरलेल्या कपारी आहेत.

[दृश्य: गार्डन ऑफ द गॉड्स, कॅमल रॉक]

हा वालुकाश्म सुमारे 32 कोटी वर्षांपूर्वी नद्यांनी आणून टाकलेल्या वाळूचा. त्यावर उमटलेल्या तांबड्या-तपकिरी वळ्या लोहाच्या. उंटासारखा दिसणारा हा खडक 2016 साली अमेरिकेच्या पंचवीस सेंटच्या नाण्यावर झळकला.

खडक इतका जुना, जंगल मात्र कालपरवाचं. इथल्या शेतकऱ्यांनी उतारांवर नांगर घातला, माती धुपून गेली, आणि मंदीच्या काळात ती झिजलेली शेतं सरकारने विकत घेतली. 1939 मध्ये शॉनी राष्ट्रीय वन जाहीर झालं. सरकारी रोजगार योजनेतल्या तरुणांनी उघड्या उतारांवर पाइन लावले. आजही तंबूसाठी सावली शोधताना झाडं एका रांगेत उभी दिसली, की ओळखायचं: इथे कुणाचं तरी शेत होतं.

[दृश्य: महामार्ग 146, मोठी आरव्ही]

आता मुक्कामाचं बघू. चाकांवरचं घर, म्हणजे आरव्ही, घेऊन येणाऱ्याला या जंगलाचा काठ मिळतो, गाभा नाही. लेक ग्लेनडेलच्या ओक पॉइंटला विजेची जोडणी असलेल्या जागा आहेत. गार्डन ऑफ द गॉड्सजवळचं फॅरो कॅम्पग्राउंड लहान, जागा फक्त 12, वीज नाही. लांबलचक आरव्ही तिथे वळवताना चालकापेक्षा बघ्यांची करमणूक जास्त होते. आणि वनात जो भाग कायद्याने ‘विल्डरनेस’, म्हणजे राखीव रान, ठरलाय, तिथे चाकाला प्रवेशच नाही. मोटार राहू दे, सायकलसुद्धा नाही.

आरव्हीवाल्यांचा हा रस्ता मात्र साधा नाही. गोल्कोंडा गावापासून (हो, नाव आपल्या गोवळकोंड्यावरूनच पडलं) मिसिसिपीकडे जाणारा हा 146 क्रमांकाचा महामार्ग साधारण त्याच वाटेने जातो, ज्या वाटेने 1838-39 च्या हिवाळ्यात चेरोकी या मूळ अमेरिकी लोकांना त्यांच्या भूमीतून हाकलून पश्चिमेला नेलं. पुढे मिसिसिपीत बर्फाचे तुकडे वाहत होते, नावा चालेनात. हजारो माणसं दोन नद्यांच्या मधे अडकली. अंगावर अपुरं पांघरूण, खाली गोठलेली जमीन. किती तरी जण तिथेच गेले. या टेकड्यांत माणसांनी काढलेल्या रात्रींमध्ये त्याही रात्री आहेत. रस्त्याकडेच्या पाट्या वाचायला गाडीचा वेग कमी करावा लागतो, एवढंच.

[दृश्य: तंबू, सकाळचं दव]

तंबूवाल्याला जागा निवडता येते, आणि त्याची सगळी परीक्षा त्या निवडीत असते. घळीच्या तळाशी वारा नसतो म्हणून तिथे तंबू ठोकावासा वाटतो. पण रात्री थंड हवा उतारावरून खाली येते आणि तळाशीच साचते. पहाटे तंबू आतून ओला. थोडं वर, उतारावरच्या सपाट टप्प्यावर बरं. खुंटी ठोकण्याआधी वर बघायचं: वाळलेली, अडकून राहिलेली फांदी डोक्यावर नको. सरपण घरून आणायचं नाही. ॲश नावाच्या झाडांना पोखरणारा हिरवा भुंगा 2006 मध्ये इलिनॉयमध्ये सापडला, आणि तो दूरदूर पसरला त्यात माणसांनी इकडून तिकडे नेलेल्या जळणाचा मोठा हात आहे. उन्हाळ्यात गोचिडी. त्यांच्याबद्दल जास्त बोलत नाही; रोज रात्री टॉर्च लावून अंग तपासा.

[दृश्य: घोड्यांची रांग, अरुंद पायवाट]

आणि घोडेवाले. माझ्या मते हे जंगल खऱ्या अर्थाने त्यांना कळतं, कारण त्यांना दोन जिवांच्या नजरेने ते बघावं लागतं. ओहायोच्या काठापासून मिसिसिपीच्या काठापर्यंत जाणारी ‘रिव्हर टू रिव्हर’ वाट सुमारे 160 मैलांची. वाटेत खडकात अशा फटी येतात की एका वेळी एकच घोडा पार व्हावा. एका जागेचं नावच मुळी ‘वन हॉर्स गॅप’.

माणूस बाटलीभर पाण्यावर रात्र काढेल. उन्हात चालून आलेला घोडा दिवसाला 40 लिटर पाणी सहज पितो, आणि पाचशे किलोच्या जनावराला आठ-दहा किलो वैरण लागते. त्यामुळे मुक्काम कुठे करायचा हे नकाशा नाही, ओढा ठरवतो. पण ओढ्याच्या काठावरच घोडे बांधायचे नाहीत. साठ मीटर तरी मागे. शिवाय घोडं झाडाला सरळ बांधलं, तर ते रात्रभर खुराने माती उकरतं, मुळं उघडी पडतात. इथली माती आधीच पातळ. म्हणून दोन झाडांच्या मधे, डोक्याच्या वर, ताणून दोर बांधतात. बुंध्याभोवती रुंद पट्टा, म्हणजे साल सोलवटत नाही. मोरकीचा दोर त्या वरच्या दोराला, एवढाच लांब की तोंड वैरणीला पोहोचेल पण पाय अडकणार नाही. जमीन कडक, खडकाळ बघायची.

वैरणीतही मेख आहे. तणाचं बी घोड्याच्या पोटातून शाबूत बाहेर पडतं. जपानी स्टिल्टग्राससारखं परकं गवत इथे आधीच पाय पसरून बसलंय. म्हणून जाणते स्वार निघण्याच्या दोन-तीन दिवस आधीपासून घोड्याला तणविरहित वैरणीवर ठेवतात. पॉयझन आयव्ही या वेलीचंही तसंच. घोड्याला तिचं सहसा काही होत नाही, पण तिचं तेल केसांना लागतं आणि खरारा करणाऱ्याच्या हाताला फोड येतात. दुसऱ्या राज्यातून येणार असाल, तर घोड्याच्या रक्ताच्या कॉगिन्स चाचणीचा (घोड्यांच्या संसर्गजन्य रक्तक्षयाच्या तपासणीचा) कागद सोबत हवा.

[दृश्य: सकाळ, खोगीर चढवताना]

निघण्याआधी तासभर काम असतं. दोर सोडायचे, पट्टे काढायचे. खुरांनी पडलेले खड्डे बुटाने भरायचे, वर पाचोळा ओढायचा. लीद एका ढिगात ठेवायची नाही. फोडून, पांगवून टाकायची, म्हणजे लवकर वाळते आणि माशा कमी धरतात. सांडलेली वैरण उचलून पोत्यात. मग घोड्यांना पाणी, आणि शेवटी खोगीर.