दुखतंय कुठे, कमरेत की पायात?

नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय ‘कंबरदुखीवरचे उपचार : ऑपरेशनने आणि ऑपरेशनाशिवाय’. तिकडे येतोच. पण त्याआधी एका प्रश्नापाशी थांबायचंय. चुकीची ऑपरेशनं होतात आणि उपचारांचे महिने वाया जातात, ते बहुतेक वेळा हा प्रश्न कुणी नीट विचारला नाही म्हणून. दुखतंय कुठे, कमरेत की पायात?

‘दोन्हीकडे’ हे उत्तर ठरलेलं. मग पुढचं विचारायचं : यातलं एकच दुखणं घालवता येणार असेल, तर कुठलं घालवू? आता माणूस विचार करतो. ‘कंबर काय, धकून जाईल हो, पण ही पायातली कळ झोपू देत नाही,’ असं म्हणाला तर त्याची वाट वेगळी. ‘पाय ठीक आहे, कंबरच धरते,’ म्हणाला तर वेगळी. पायातली कळ म्हणजे गुडघ्याच्या खाली, पोटरीत, पावलात उतरणारी, मुंग्या आणि बधिरपणा घेऊन येणारी. कुल्ल्यात किंवा मांडीच्या मागे नुसतं ठणकणं म्हणजे नस दबलीच असं नव्हे. कमरेचे सांधे आणि स्नायूही तिथवर दुखणं पाठवतात.

हा फरक आजचा नाही. १९३४ साली मिक्स्टर आणि बार या बोस्टनच्या दोन शल्यचिकित्सकांनी दाखवून दिलं, की मणक्याच्या पोकळीत सापडणारे आणि तोवर गाठ समजले जाणारे कित्येक गोळे म्हणजे मणक्यांमधल्या गादीचे फुटून बाहेर आलेले तुकडे असतात. ते काढले की पायातलं दुखणं जातं. गादीचं ऑपरेशन जन्मालाच आलं ते पायासाठी. पुढे ते नुसत्या कमरेसाठीही व्हायला लागलं आणि निराशा तिथे सुरू झाली.

आता एक तक्रार करतो, आणि ती जरा लांबेल. तक्रार एमआरआयबद्दल आहे. यंत्राबद्दल नाही, क्रमाबद्दल. रुग्ण आत येतो तोच फिल्म पुढे करत : ‘डॉक्टर, गॅप आलाय, नस दबलीय.’ अंगाला अजून कुणाचा हात लागलेला नसतो. १९९४ साली कंबर अजिबात न दुखणाऱ्या ९८ जणांचा एमआरआय काढला गेला. ५२ टक्क्यांच्या निदान एका गादीला फुगवटा होता, २७ टक्क्यांची गादी एका जागी बाहेर आलेली होती. पुढे २०१५ मध्ये तीन हजारांवर दुखणं नसलेल्या लोकांचे असे अहवाल एकत्र केले, तेव्हा विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांमध्ये गादीची झीज दिसली. म्हणजे चाळिशीतल्या माणसाच्या रिपोर्टात काहीतरी निघणारच. ते त्याच्या दुखण्याचं कारण आहे की नाही, हे फिल्म सांगत नाही. आणि ‘झीज’ हा शब्द एकदा कानावर पडला की माणूस वाकायला घाबरतो, चालणं कमी करतो, पट्टा बांधून बसतो, स्नायू ढिले पडतात आणि दुखणं घर करतं.

तपासणीला दहा मिनिटं पुरतात. आधी टाचांवर चालायला सांगायचं, मग चवड्यांवर. पायाचा अंगठा वर करायला सांगून वरून बोटाने दाबायचं; दोन्ही बाजूंच्या ताकदीत फरक आहे का ते बघायचं. एका पायावर उभं राहून टाच दहा वेळा उचलता येते का? गुडघ्यावर आणि घोट्यामागे हातोडी मारून प्रतिक्षिप्त क्रिया बघायची. मग उताणं झोपवून, गुडघा ताठ ठेवून पाय हळूहळू उचलायचा. ३० ते ७० अंशांच्या दरम्यान रुग्णाची ओळखीची कळ गुडघ्याखाली गेली तर नस ताणली जातेय. घोळ होतो तो इथेच. मांडीमागचे स्नायू आखडलेले असले तरी दुखतं, आणि तेही ‘पॉझिटिव्ह’ म्हणून लिहिलं जातं. शंका असेल तर पाय थोडा खाली आणायचा आणि पाऊल गुडघ्याच्या दिशेने वाकवायचं. कळ पुन्हा पोटरीत उतरली तर ती नसेचीच. चांगला पाय उचलल्यावर दुखऱ्या पायात कळ गेली, तर गादी बाहेर आल्याची खात्री आणखी वाढते.

आता रिपोर्ट उघडा. कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी बहुधा कमरेची पाचवी नस दाबते, म्हणजे अंगठा उचलायची ताकद जाते. तिच्या खालची गादी पहिली त्रिकनस, म्हणजे कमरेखालच्या त्रिकास्थीतून निघणारी पहिली नस, दाबते, म्हणजे टाच उचलणं अवघड होतं आणि घोट्याची प्रतिक्षिप्त क्रिया मंदावते. रिपोर्टात डावी बाजू आणि कळ उजव्या पायात, असं असेल तर त्या रिपोर्टावर सुरी चालवायची नाही.

चिठ्ठी आलीय, वेळ थोडाच उरलाय. मग भराभर घेतो.

उसण भरली तर झोपून राहू नका. १९८६ च्या एका चाचणीत दोन दिवस आणि सात दिवस विश्रांती यांची तुलना झाली. सात दिवसांनी काही जास्त गुण आला नाही; उलट दोन दिवसवाल्यांचे कामाचे खाडे ४५ टक्क्यांनी कमी झाले. १९९५ मध्ये हेलसिंकीत आढळलं, की झेपेल तेवढी रोजची कामं चालू ठेवणारे सगळ्यांत लवकर बरे झाले. बहुतेकांचं दुखणं सहा आठवड्यांत बरंच ओसरतं. औषधांत पॅरासिटामॉल ताज्या कंबरदुखीत साखरेच्या गोळीपेक्षा सरस ठरलेलं नाही. सूज उतरवणाऱ्या वेदनाशामकांचा थोडा उपयोग होतो, पण ती थोडेच दिवस घ्यायची, आणि पोटात अल्सर किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर विचारल्याशिवाय नाही. सायटिकेसाठी, म्हणजे नस दबून पायात उतरणाऱ्या कळेसाठी, प्रीगॅबालिन हे नसांच्या दुखण्याचं औषध सर्रास लिहिलं जातं. २०१७ च्या चाचणीत त्याचा फायदा दिसला नाही, चक्कर मात्र वाढली. मणक्यातलं स्टेरॉइडचं इंजेक्शन पायाच्या कळेला काही आठवडे उतार देतं. नुसत्या कंबरदुखीला त्याचा उपयोग नाही. दुखणं परत येऊ नये म्हणून सगळ्यांत साधा उपाय म्हणजे चालणं. हळूहळू वाढवत सहा महिन्यांत आठवड्यातून पाच दिवस, अर्धा तास. २०२४ च्या एका चाचणीत असं चालणाऱ्यांपैकी निम्म्यांचं दुखणं परतायला २०८ दिवस लागले, इतरांपैकी निम्म्यांचं ११२ दिवसांतच परतलं.

आता ऑपरेशन. सायटिका सहा ते बारा आठवडे टिकलेल्या २८३ जणांची डच चाचणी २००७ ची. लवकर ऑपरेशन झालेल्यांना आराम लवकर पडला, पण वर्षअखेरीला दोन्ही गटांत ९५ टक्के बरे होते. वाट पाहणाऱ्यांपैकी ३९ टक्क्यांना मात्र मध्येच ऑपरेशन करून घ्यावं लागलं. म्हणून कळ सोसवत असेल तर थांबा. गादीचा सुटलेला मोठा तुकडा शरीर बरेचदा स्वतःच विरघळवतं. कळ सोसवत नसेल, किंवा पायाची ताकद वाढत्या प्रमाणात जात असेल, तर मायक्रोडिस्केक्टॉमी. दोन-तीन सेंटिमीटरचा छेद, नस हळूच बाजूला सारून सुटलेला तुकडा तेवढा काढायचा, अख्खी गादी नाही. कळ लगेच जाते. बधिरपणा जायला महिने लागतात. शंभरातल्या पाच-दहा जणांची गादी त्याच जागी पुन्हा बाहेर येते, हे आधीच सांगून ठेवायला हवं.

वयस्कर माणूस चालताना पाय जड होऊन थांबतो, बसला किंवा पुढे वाकला की बरं वाटतं, सायकल मात्र चालवू शकतो : हे मणक्याची नळी अरुंद झाल्याचं लक्षण. पावलातली नाडी आधी तपासा, कारण रक्तवाहिन्या आखडल्यावरही असंच होतं. फक्त तिथे नुसतं उभं राहिलं तरी बरं वाटतं. नळी मोकळी करणं बहुतेकदा पुरतं. स्वीडनमधल्या २०१६ च्या चाचणीत स्क्रू-रॉड घालून मणके जोडण्याने जास्तीचा फायदा झाला नाही, रक्तस्राव आणि रुग्णालयातला मुक्काम वाढला. जोडणी लागते ती मणका खरोखर अस्थिर असेल, मोडला असेल, जंतुसंसर्गाने किंवा गाठीने पोखरला असेल तेव्हा. नुसत्या कंबरदुखीसाठी जोडणी आणि तीन आठवड्यांचं कसून पुनर्वसन यांची तुलना ब्रिटनमध्ये २००५ साली झाली, ऑपरेशन स्पष्टपणे सरस ठरलं नाही. आणि सिगारेट ओढणाऱ्यांची हाडं नीट जुळत नाहीत, म्हणून ती आधी सोडायची.

घंटा झाली, तरी हे ऐकूनच जा. ताप, विनाकारण घटणारं वजन, आधी झालेला कॅन्सर किंवा क्षयरोग, मोठा मार, बराच काळ घेतलेली स्टेरॉइड्स यांच्या जोडीने कंबर दुखत असेल तर तपासणी लगेच करायची, सहा आठवडे थांबायचं नाही. आणि कंबरदुखीबरोबर लघवी अडली, किंवा झालेली कळेनाशी झाली, शौचावरचा ताबा गेला, किंवा शौचाच्या जागेभोवती आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिर वाटू लागलं, तर शेपटाकडच्या नसांचा अख्खा जुडगा दबलेला असू शकतो. तिथे एमआरआय सगळ्यांत आधी, आणि ऑपरेशन तासांच्या हिशेबात. रात्री दोन वाजता लक्षात आलं तरी सकाळची ओपीडी उघडायची वाट पाहू नका, त्याच वेळी मणक्याची शस्त्रक्रिया होते अशा रुग्णालयात जा.