दीर्घ आजार, परदेशवास आणि सरकारी मदत

श्रोतेहो, नमस्कार. रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक म्हणून काम करताना पुण्यातल्या कुटुंबांकडून मला एक प्रश्न वारंवार विचारला जातो. मुलाला इंग्लंडमध्ये नोकरी लागली आहे, सुनेला मल्टिपल स्क्लेरोसिस (मेंदू व मज्जारज्जूचा दीर्घ आजार) आहे, तर तिकडचे सरकार तिची काळजी घेईल ना? या एका प्रश्नात उपचार आणि पैशांची मदत अशा दोन निराळ्या गोष्टी असतात, आणि त्यांची गल्लत झाली की पुढे फार मनस्ताप होतो.

उपचारांचे उत्तर दिलासा देणारे आहे. व्हिसाच्या अर्जासोबत बहुतेक प्रौढांना वर्षाला १,०३५ पौंड आरोग्य अधिभार भरावा लागतो. तो भरल्यावर आजार जुना आहे म्हणून तिथली राष्ट्रीय आरोग्य सेवा उपचार नाकारत नाही.

पैशांच्या मदतीचे मात्र तसे नाही. दैनंदिन व्यवहार किंवा चालणे-फिरणे अवघड झालेल्यांना तिथे 'पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट' मिळते. परंतु नोकरीच्या किंवा जोडीदाराच्या व्हिसावर बहुधा सार्वजनिक निधीतून, म्हणजे ठराविक सरकारी भत्त्यांतून, मदत न घेण्याची अट घातलेली असते, आणि ही मदत त्या निधीतच मोडते. केवळ आजार बळावला म्हणून ही अट आपोआप सैल होत नाही, हे मला घरच्यांना सांगताना नेहमी जड जाते. अट मोडून अर्ज केल्यास पुढचा व्हिसाच धोक्यात येऊ शकतो. याला एक अपवाद आहे, आणि तो फार थोड्यांना ठाऊक असतो: नोकरी करताना नॅशनल इन्शुरन्सची, म्हणजे तिथल्या सरकारी सामाजिक विम्याची, वर्गणी पुरेशी भरली असेल, तर त्या वर्गणीवर मिळणारा आजारपणाचा भत्ता सार्वजनिक निधीत धरला जात नाही.

कायम वास्तव्याची परवानगी मिळाल्यावर ती अट उठते. तरीही 'पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट'साठी मागील तीन वर्षांपैकी किमान दोन वर्षे तिथे प्रत्यक्ष राहिल्याचा नियम सर्वसाधारणपणे लागू असतो. व्हिसावर काढलेला काळ त्यात धरला जातो, पण पुण्यात काढलेला दीर्घ काळ धरला जाईलच असे नाही. म्हणून जाण्या-येण्याच्या तारखा आणि तिकिटे पहिल्या प्रवासापासून जपून ठेवावीत, आणि निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांकडून निदानाची तारीख, तपासण्या व चालू औषधे नमूद केलेला इंग्रजी अहवाल घ्यावा.