बॅकअपच्या रांगेत अडकलेला फोन

(दृश्य: पॅकहाऊस, हापूसची प्रतवारी)

रत्नागिरीजवळच्या या पॅकहाऊसमध्ये एप्रिलच्या दुपारी एका टेबलावर हापूसची आकारानुसार प्रतवारी होत असते, दुसऱ्या टेबलावर पेट्यांत पेंढा पसरून फळे रचली जातात, आणि काचेपलीकडच्या कार्यालयात वाशीच्या अडत्यांशी दराची बोलणी चालू असतात. ही बोलणी आता आयपी फोनवरून, म्हणजे इंटरनेटवर चालणाऱ्या फोनवरून, होतात. सीसीटीव्हीचे चित्रण, मालाचे फोटो, बिले आणि हिशेबाच्या संगणकाचा बॅकअप यांनाही बाहेर पडण्यासाठी तीच एक इंटरनेट जोडणी आहे.

(दृश्य: फोन, मागे लुकलुकणारा स्विच)

आवाज डिजिटल करण्याच्या जी.711 या पद्धतीत आवाजाचे सहसा 20 मिलिसेकंदांचे तुकडे केले जातात, म्हणजे सेकंदाला 50 पॅकेट (माहितीची पुडकी) निघतात. प्रत्येक पॅकेटमध्ये आवाजाचे 160 बाइट आणि त्यावर हेडरचे, म्हणजे पत्ता वगैरे माहितीचे, 40 बाइट असल्याने एका कॉलला एका दिशेने सेकंदाला 80 किलोबिट लागतात. इथरनेटची, म्हणजे कार्यालयातल्या तारांच्या जाळ्याची, भर धरली तर सुमारे 87. एवढ्या वाहतुकीला 2 एमबीपीएसचा, म्हणजे सेकंदाला 20 लाख बिटांचा, अपलोडही भरपूर झाला, आणि तरीही बॅकअप सुरू होताच आवाज तुटतो. अशा वेळी मोठा प्लॅन घ्या, असा सल्ला हमखास मिळतो. तो घाईचा आहे. 1,500 बाइटचे एक पॅकेट या जोडणीवरून बाहेर पडायला 6 मिलिसेकंद घेते. बॅकअपची अशी 40 पॅकेट पुढे उभी असतील, तर आवाजाच्या पॅकेटला 240 मिलिसेकंद नुसते थांबावे लागते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.114 शिफारशीनुसार एका दिशेचा विलंब 150 मिलिसेकंदांच्या आत राहिला, तर बहुतेक संभाषणांना त्याची झळ लागत नाही. फाइलचा हरवलेला तुकडा पुन्हा मागवता येतो. बोलण्यात मात्र उशिरा पोचलेला शब्द टाकूनच द्यावा लागतो.

(दृश्य: जयगड-तवसाळ फेरीबोट, जेटीवर गाड्यांची रांग)

जेटीवर रुग्णवाहिका आली की तिला रांगेतून पुढे घेतात, पण त्यामुळे बोटीवरची जागा वाढत नाही. आवाजाच्या पॅकेटला रांगेतून पुढे घेणारी क्वालिटी ऑफ सर्व्हिस ही व्यवस्था, म्हणजेच क्यूओएस, नेमके एवढेच करते.

(दृश्य: रॅक, कनेक्टर जवळून)

तंत्रज्ञांनी सेटिंगला हात लावण्याआधी तारा तपासल्या, हे मुद्दाम सांगण्यासारखे आहे. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेने या कनेक्टरच्या पिना काळवंडल्या आहेत, आणि गंजलेल्या जोडात हरवलेले पॅकेट कोणताही प्राधान्यक्रम परत आणू शकत नाही. कनेक्टर बदलल्यावर फोनसाठी स्वतंत्र व्हॉइस व्हीलॅन, म्हणजे त्याच तारांवर फोनचे वेगळे आभासी जाळे, केले गेले. फोन आपल्या प्रत्येक पॅकेटवर डीएससीपी 46 ही प्राधान्याची खूण उमटवतो. आयपी हेडरमधल्या सहा बिटांची ही व्यवस्था 1998 साली प्रमाणित झाली. कार्यालयातली उपकरणे जोडणाऱ्या स्विचला मात्र ही खूण फक्त फोनकडून आली तरच मानायला सांगितलेले आहे, नाहीतर एखादा लॅपटॉपही आपली पॅकेट 46 म्हणून पुढे दामटू शकतो.

(दृश्य: राउटरची स्क्रीन)

खरे काम राउटरच्या बाहेर जाणाऱ्या बाजूवर आहे. येथे आवाजासाठी प्राधान्याची रांग असून ती नेहमी आधी रिकामी केली जाते. पण तिलाही कमाल मर्यादा घातलेली असते, कारण ती नसेल तर बाकीच्यांचा नंबर कधी लागणारच नाही. चार कॉलना लागणारे सुमारे 350 किलोबिट धरून थोडी सवड ठेवली, तरी जोडणीचा चौथा भागही पुरा लागत नाही. त्यानंतरची पायरी अनेक ठिकाणी राहून जाते. राउटरचा एकूण वेग 2 एमबीपीएसऐवजी 1.8 वर बांधला आहे, कारण तसे केले नाही तर रांग पुढे मोडेममध्ये लागते, आणि मोडेमला आपल्या खुणांशी काहीच देणेघेणे नसते. आता पडद्यावर मुद्दाम बॅकअप सुरू करून फोन लावला आहे: प्राधान्याच्या रांगेतला आकडा वाढतो आहे, तिथे गळालेली पॅकेट शून्य आहेत, आणि सगळी गळती साध्या रांगेत चालली आहे.

(दृश्य: कार्यालय, फोनवर बोलणे)

दराची बोलणी आता मध्येच तुटत नाहीत. बॅकअपला जास्त वेळ लागतो, तो लागू द्यावा. पॅकेट खुल्या इंटरनेटवर गेल्यावर ही खूण सहसा कोणी पाळत नाही आणि बाहेरून येणाऱ्या रांगेवर आपला थेट ताबा नसतो, तरी अशा कार्यालयांत कोंडी बहुधा अपलोडवरच होते आणि ती आपल्याच राउटरमध्ये सोडवता येते. एक बंधन मात्र राहते. प्राधान्याच्या रांगेत ठरल्यापेक्षा जास्त कॉल शिरले, तर एकाचा नव्हे, सर्वांचाच आवाज फाटतो; म्हणून येथील एक्सचेंजमध्ये एका वेळी चारच बाहेरचे कॉल ठेवले आहेत, आणि पाचव्याला एंगेज टोन ऐकू येतो.