गाडी मोंबासाला उतरण्याआधी

[नाना पेठ. काउंटरवर एकेक करून पडणारे सुटे भाग.]

क्लच केबल दोन. अ‍ॅक्सिलरेटर केबल एक. ब्रेक पॅड पुढचे-मागचे, एकेक जोड जादा. ऑइल फिल्टर दोन, एअर फिल्टर दोन, स्पार्क प्लग, फ्यूजची डबी, चेनची जादा कडी लॉकसकट.

दुचाकीचा पार्ट पाहिजे म्हटल्यावर पुणेकराची पावलं नाना पेठेकडे वळतात, यात नवीन काही नाही. आजची ही यादी मात्र मोंबासा ते केपटाउन या वाटेची आहे. मोंबासापर्यंत गाडी जहाजानं जाते. केनिया, टांझानिया, झांबिया, बोट्स्वाना, नामिबिया, दक्षिण आफ्रिका. आडवळणं धरून सात-आठ हजार किलोमीटर.

यादीत काय नाही तेही बघा. क्लच प्लेट नाहीत, चेन-स्प्रोकेटचा जादा संच नाही. हे वजनदार भाग पिशवीत वागवायचे नसतात, निघण्याआधीच नवे बसवून टाकायचे. स्टिअरिंगचा कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, तोही तसाच. खडीवर हजारो किलोमीटर हादरे खाऊन तो आधी बोलतो: हँडल सरळ ठेवलं की खाचेत अडकल्यासारखं लागतं.

[गॅरेज. टाकीखालून जाणाऱ्या दोन केबल, जवळून.]

या दोन केबल नीट पाहा. एक चालू आहे. दुसरी तिच्याच शेजारून ओवून, दोन्ही टोकं टेपनं बंद करून ठेवली आहे. पहिली तुटली तर टाकी उतरवायची गरज नाही, टोकं बदलली की काम झालं. रॅकच्या प्रत्येक बोल्टवर पिवळ्या रंगाची रेघ मारली आहे, अर्धी बोल्टवर आणि अर्धी पत्र्यावर. रोज सकाळी नजर टाकायची. रेघ तुटलेली दिसली म्हणजे बोल्ट फिरला.

गाडी रॉयल एनफील्डची हिमालयन ४११. हवेवर आणि तेलावर थंड होणारं इंजिन, रेडिएटर नाही, टाकी १५ लिटरची. याहून ताकदवान गाड्या शोरूममध्ये रांगेनं उभ्या आहेत आणि त्यांच्या जाहिराती वाळवंटातच चित्रित होतात. पण लांबच्या वाटेवर गाडी निवडायची कसोटी वेगळी आहे: रस्त्याकडेचा मेकॅनिक ती उघडू शकेल का? पूर्व आफ्रिकेत ‘बोडा-बोडा’ म्हणजे दुचाकी टॅक्सी. आकुर्डीच्या बजाजची बॉक्सर या धंद्यात इतकी चालते, की तिचा मेकॅनिक लहान गावातही भेटतो. त्याचे हात साध्या एक-सिलिंडर इंजिनावर बसलेले आहेत. आमचं मत विचाराल तर दीडशे सीसीची गाडीही या रस्त्याला पुरेशी आहे. वेळ जास्त लागेल, एवढंच.

[नकाशा. कैरोपासून खाली येणारी रेघ खार्टूमशी थांबते.]

कैरो ते केपटाउन ही जुनी, नावाजलेली वाट. एप्रिल २०२३ पासून सुदानमध्ये युद्ध चालू आहे, त्यामुळे ती मधेच तुटली. म्हणून सुरुवात मोंबासा.

निघायचा महिना पाऊस ठरवतो. केनिया-टांझानियात मार्च ते मे मोठा पाऊस. झांबियाकडे नोव्हेंबर ते मार्च. केपटाउनला मात्र जून ते ऑगस्ट, ऐन थंडीत. जूनमध्ये मोंबासा सोडलं आणि सप्टेंबरअखेर केपटाउन गाठलं, तर तिन्ही पाऊस चुकतात. पुणेकराला आणखी एक सोय आहे: या सहाही देशांत गाडी डावीकडूनच चालते. मधेच रवांडाला वळायचा मोह झाला तर तिथे उजवी बाजू.

[टेबलावर कार्नेट. पानं उलटणारा हात.]

आता ज्या कागदामुळे पुष्कळ बेत लांबतात तो. कार्नेट द पासाज. गाडीचा पासपोर्ट म्हणा. आपल्याकडे मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन तो देते. मुदत एक वर्ष.

प्रत्येक पानाचे तीन भाग. देशात शिरताना एक भाग कस्टम्स फाडून ठेवतं, बाहेर पडताना दुसरा. तिसरा भाग वहीतच राहतो आणि त्यावर येण्याचा आणि जाण्याचा असे दोन्ही शिक्के लागतात. जाण्याचा शिक्का राहिला, तर कागदोपत्री गाडी त्या देशातच विकली गेली, असा अर्थ निघतो आणि आयात शुल्काची मागणी येते.

म्हणूनच कार्नेटसाठी तारण लागतं. मार्गातल्या ज्या देशाचं शुल्क सर्वात जास्त, त्यावर रक्कम ठरते. यादीत उगाच इजिप्त घातला की आकडा फुगलाच. टांझानिया आणि झांबियात सीमेवर तात्पुरता परवानाही मिळतो. दक्षिण आफ्रिका, नामिबिया, बोट्स्वाना, लेसोथो आणि एस्वातिनी हे सीमाशुल्कासाठी एकच क्षेत्र आहे. आत शिरताना एक शिक्का, शेवटी बाहेर पडताना दुसरा. मधल्या सीमांवर वही उत्साहानं पुढे करू नका.

[पेन्सिलीखाली कागदावर उमटणारा चासी नंबर.]

आरटीओत काढतात तसाच हा चासीचा छाप. आरसी बुकात एक अक्षर चुकलेलं असेल तर ते आता सापडलेलं बरं, मोंबासाच्या गोदीत नको. नावाचंही तसंच. आपल्याकडे आरसीवर कधी आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर क्रम निराळा. लायसन्सवर कधी वडिलांचं एकच आद्याक्षर. आपल्याला ही तिन्ही नावं एकाच माणसाची वाटतात, कस्टम्सच्या कारकुनाला वाटतीलच असं नाही. कार्नेट, जहाजाची बिल्टी आणि पासपोर्ट, तिन्हीवर नाव अक्षरशः एकच हवं. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र घ्या.

आंतरराष्ट्रीय परवाना संगम पुलाजवळच्या आरटीओचा, मुदत एक वर्ष. पीतज्वराची लस सरकारमान्य केंद्रावरच घ्यायची, प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी. तिचं पिवळं कार्ड आता जन्मभर चालतं. ते नसेल तर परतल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरण. केनिया ते झिंबाब्वे पट्ट्यातल्या बऱ्याच देशांत चालणारा कोमेसाचा (पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेतल्या देशांच्या व्यापारगटाचा) विमाही ‘यलो कार्ड’ याच नावाचा आहे, तेव्हा सीमेवर कोणतं मागतायत ते ऐकून घ्या. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून. डॉक्सिसायक्लिन घेतली तर ऊन बाधतं, हे दिवसभर उन्हात बसणाऱ्याला आधी माहीत हवं.

[पानशेतच्या पुढे, कच्चा रस्ता. मागचं चाक काढलेलं.]

आणि हे काम हातानंच शिकायचं.

व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण सोडा. टायरची कड रिमपासून सुटत नाही? दुसऱ्या गाडीचा साइड स्टँड टायरवर ठेवा आणि ती गाडी त्यावर कलती करा. आता टॉमी, टायर उचकटायची पट्टी. जिथे टॉमी लावायची त्याच्या बरोबर समोरची कड गुडघ्यानं रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबून धरा. हे केलं नाही तर कितीही जोर लावा, टायर निघत नाही. निघालाच तर टॉमी ट्यूबला चावते आणि एकाची दोन पंक्चर होतात.

ट्यूब घासा, सोल्युशन लावा आणि थांबा. ओल्या सोल्युशनवर लावलेला पॅच गरम रस्त्यावर सुटतो. बोटाला चिकटेनासं झालं की मगच पॅच. ट्यूब परत घालण्याआधी टायरच्या आतून फडकं फिरवा. बाभळीचा काटा तिथेच असतो, फडक्याला अडकतो. तो राहिला तर पुढच्या दहा किलोमीटरवर हाच कार्यक्रम पुन्हा.

जादा ट्यूब एकच नेणार असाल तर पुढची, २१ इंची. अडचणीत ती मागच्या १७ इंची चाकात घडी घालून भागवते. उलट जमत नाही. नामिबियाच्या खडीवर हवा चार-पाच पीएसआयनं उतरवायची, त्याहून जास्त नाही, नाहीतर दगडावर ट्यूब रिमखाली चेचते.

[भंगारवाल्याचा वजनकाटा. काट्यावर पिशव्या.]

सामान ३५ किलोच्या आत, हत्यारांसकट. हत्यारांची छाननी सोपी आहे: पिशवीतल्याच पान्ह्यांनी गाडीची पूर्ण सर्व्हिसिंग करा. जो पाना लागला नाही तो घरी. जड वस्तू पुढे आणि खाली. मागच्या चाकाच्या पलीकडे वजन लटकलं की पुढचं चाक हलकं होतं आणि खडीवर हँडल डुगडुगायला लागतं. पेट्रोलचा पाच लिटरचा जादा कॅन नामिबियापुरता, बाकी वाटेवर रिकामा.

[टिंबर मार्केट. लाकडावरचा जळका शिक्का.]

गाडी जहाजावर ज्या लाकडी पेटीत जाते त्या क्रेटच्या लाकडावर ‘एचटी’ हा शिक्का शोधा. आतला गाभा ५६ अंशांवर सलग ३० मिनिटं तापवलेला आहे, कीड मेलेली आहे, असा त्याचा अर्थ. शिक्का नसलेलं लाकूड पलीकडच्या बंदरात अडतं. प्लायवूडला हा नियम नाही.

भाडं घनमीटरवर. म्हणून पुढचं चाक, आरसे, काच काढली, हँडल सैल करून वळवलं. पेट्रोल पूर्ण काढलं, बॅटरीची टोकं टेपनं झाकली. पट्टे ओढताना सस्पेन्शन निम्मंच दाबायचं. तळाला टेकवून तीन आठवडे ठेवलं तर फोर्कचे सील गळायला लागतात. क्रेटमध्ये जे जे आहे ते यादीत हवं, हेल्मेटसुद्धा.

[न्हावाशेवा. क्रेन.]

कार्नेटवर भारतातून बाहेर गेल्याचा शिक्का इथे लागतो. पान उघडून स्वतःच्या डोळ्यांनी बघून घ्या. परत येताना हीच गाडी इथून गेली होती, याचा पुरावा तोच.

विमानाचं तिकीट जहाज मोंबासाला लागल्यावर काढा. जहाजं उशिरा येतात. पण तिथल्या एजंटशी आधीच बोलून ठेवा. बंदरातले फुकटचे दिवस संपले की गाडीचं भाडं रोजावर चढतं.