शीत कुणाच्या भाताचं?

नमस्कार. पुढे जागा आहे, मागे उभे राहू नका. आजचा विषय गेली दोन-तीन वर्षं मी भेटेल त्याला ऐकवतो आहे. माइक आणि पाऊण तास दोन्ही हातात पडण्याची ही पहिलीच वेळ. नवा सॅम्पलर बाजारात येतो त्याच दिवशी यूट्यूबवर 'फर्स्ट इम्प्रेशन'चे व्हिडिओ धडाधड येतात. त्यांनी आपल्या खरेदीचं काय केलं, यंत्र बनवणाऱ्यांचं काय केलं आणि संगीताचं काय केलं, या तीन गोष्टी मला सांगायच्या आहेत.

इथल्या बहुतेकांना सॅम्पलर ठाऊक आहे, तरी एक गोष्ट बोलून ठेवतो, कारण माझं सगळं म्हणणं तिच्यावर उभं आहे. कीबोर्ड विकत घेतला की त्याच्याबरोबर आवाज येतात. सतार घेतली की सतारीचा आवाज येतो. सॅम्पलरचं तसं नाही. कारखान्यातून नमुन्याला काही आवाज येतात, पण कामाचा आवाज त्यात आपण भरायचा, कापायचा, पॅडवर, म्हणजे बोटाने दाबायच्या बटणावर, ठेवायचा आणि मग वाजवायचा. सॅम्पलर म्हणजे रिकामं पातेलं. तांदूळ ज्याचे त्याने आणायचे.

आता माझी हकीकत. मी नाटकांचं पार्श्वसंगीत वाजवतो, म्हणजे विंगेत बसून प्रत्येक क्यूला बोटाने पॅड दाबतो. लॅपटॉपवर हे काम करणारे खूप आहेत, पण मला पॅड लागतं. नट रोज तेच वाक्य वेगळ्या वेगाने म्हणतो, आणि दाराची कडी त्याच्या हाताबरोबर वाजायला हवी.

आमच्या एका नाटकात दुसऱ्या अंकात अकरा मिनिटं पाऊस आहे. तो पाऊस मी माझ्या मामाच्या घरी, कोकणात, पडवीत बसून रेकॉर्ड केला होता. चार थर होते. पत्र्यावरचा एक, पागोळ्यांचा एक, हौदात पडणारा एक आणि लांब माडांच्या बागेतून येणारा एक. या चार थरांचा तोल रोज बदलायचा. प्रेक्षागृह भरलेलं असलं की माणसांचे कपडे आवाज पितात, मग पागोळ्या थोड्या वर घ्याव्या लागतात. जुन्या यंत्राची दोन पॅडं अडकायला लागली होती, म्हणून मी नवं घ्यायचं ठरवलं. कंपनीचं नाव सांगणार नाही, त्याला महत्त्व नाही. व्हिडिओ पाहिला. एकदा नव्हे, तीन वेळा पाहिला. करणारा माणूस गोड बोलतो, हात सुरेख चालतात, यंत्र त्याच्या टेबलावर असं झळकत होतं की तिसऱ्या खेपेला मी थेट ऑर्डर देऊन मोकळा झालो.

पुण्यातले तीन प्रयोग छान गेले, कारण सगळे आवाज एकाच प्रोजेक्टमध्ये, म्हणजे एकदम लोड होणाऱ्या आवाजांच्या संचात, बसत होते. सांगलीच्या प्रयोगाआधी दिग्दर्शकाने तिसऱ्या प्रवेशात मिरवणूक वाढवली. ढोल आला, गर्दी आली, मेमरी भरली. मी प्रोजेक्टचे दोन भाग केले आणि ठरवलं, पाऊस चालू असताना शांतपणे दुसरा भाग लोड करू. पावसाची अकरा मिनिटं असतात, घाई कसली?

दुसऱ्या भागाचं बटण दाबलं आणि पाऊस बंद. ओसरला वगैरे नाही, नळ बंद करावा तसा बंद. त्या यंत्रात प्रोजेक्ट बदलला की चालू आवाज तुटतो, हे मला सांगलीत, भरल्या नाट्यगृहात, दुसऱ्या अंकात कळलं. पडद्यावर छोटी पट्टी हळूहळू पुढे सरकते आहे आणि रंगमंचावर शांतता. आणि पुढचं वाक्य काय? आई मुलाला म्हणते, "एवढ्या पावसात छत्रीशिवाय जाऊ नकोस." आईचं काम करणाऱ्या ताई चाळीस वर्षं रंगभूमीवर आहेत. त्या उठल्या, खिडकीपाशी गेल्या, हात बाहेर काढला, तळवा उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाल्या, "उघडला वाटतं. पण आभाळ गच्च आहे, पुन्हा कोसळेल. छत्री घे." तेवढ्यात मी पहिला भाग परत लोड करून पाऊस सुरू केला. हळूहळू, लांबच्या थरापासून. टाळी पडली. प्रयोगानंतर मेकअप उतरवताना ताई एवढंच म्हणाल्या, "यंत्र नवीन घेतलंस ना रे?"

त्या रात्री लॉजवर मी तो व्हिडिओ चौथ्यांदा पाहिला, पण या वेळी कान उघडे ठेवून. पंधरा मिनिटांचा व्हिडिओ. आधी खोकं उघडलं, मग यंत्र हातात घेऊन वजन सांगितलं, बटणं दाबून दाखवली, मग कारखान्यातून भरून आलेले ड्रम वाजवले, बास वाजवला, एफेक्टची बटणं फिरवली. बहार आली, नाही म्हणत नाही. पण त्या पंधरा मिनिटांत त्या माणसाने स्वतःचा आवाज किती वेळा भरला? एकदा. माइकसमोर एक टाळी वाजवली आणि ती पॅडवर ठेवली. प्रोजेक्ट बदलला का? एकदाही नाही. बदलण्याचं कारणच नव्हतं, त्याच्याकडे दुसरा प्रोजेक्टच नव्हता.

तो खोटं बोलला नाही, हे मला आवर्जून सांगायचं आहे. जे दिसलं ते त्याने प्रामाणिकपणे सांगितलं. पण आपण शितावरून भाताची परीक्षा करतो ती एका पातेल्यातला तांदूळ एकसारखा शिजतो म्हणून. इथे शीत कारखान्याच्या भाताचं होतं आणि भात मला माझा लावायचा होता. पहिल्या दिवशी ज्या आवाजांवर यंत्राची वाहवा होते, ते आवाज काम करणारा माणूस पहिल्या आठवड्यात पुसून टाकतो, कारण जागा लागते. म्हणजे परीक्षा झाली ती नेमकी टाकून द्यायच्या भागाची.

दुसऱ्या दिवशी बस दुपारची होती, म्हणून सकाळी आमच्यातल्या एकाबरोबर मिरजेला गेलो. त्याच्या बहिणीसाठी तानपुरा घ्यायचा होता. कारागिराने समोर बसून घोडीवर जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा झंकार, लावली. तारेखाली दोरा सरकवला, तार छेडली, पुन्हा किंचित सरकवला. माझ्या मित्राला तो आवाज पसंत पडला. कारागीर म्हणाला, "घरी न्या, दोन-तीन महिने रोज वाजवा, मग एकदा घेऊन या. तारेने घोडी खाल्ली की जवारी परत बघावी लागते." विकणारा माणूस स्वतः सांगतो आहे की आजचा आवाज कायमचा धरू नका! मी बसमध्ये पुण्यापर्यंत तेच वाक्य घोळवत होतो.

आपल्याकडे वाद्यांची परीक्षा अशीच व्हायची. रोलँड कंपनीचा पहिला ऑक्टोपॅड, म्हणजे काठ्यांनी वाजवायचं आठ पॅडांचं यंत्र, पॅड-8, 1985 साली आला. पुढे ऑर्केस्ट्रावाल्यांनी, बँजो पार्टीवाल्यांनी ही यंत्रं उचलली. त्या मंडळींत मी उमेदवारी केली आहे. यंत्र जुनं घ्यायचं तर प्रश्न एकच असायचा: "किती गणपती काढलेत याने?" दहा दिवस उघड्यावर, श्रावण संपला तरी पाऊस आहेच, जनरेटरचा वरखाली होणारा करंट, गुलाल पॅडच्या फटीत, आणि वाजवणारा काठीने मारतो आहे. दोन गणपती काढले म्हणजे यंत्र पक्कं. तीन काढले तर विकणारा किंमत कमी करायचा नाही. या परीक्षेला कॅमेरा लागत नव्हता, पण वेळ लागत होता.

आता थोडं अमेरिकेत जाऊ, कारण सॅम्पलरची खरी शाळा तिथली. 1987 साली ई-म्यू कंपनीचा एसपी-1200 हा सॅम्पलर आला. बारा बिट, सव्वीस किलोहर्ट्झच्या आसपास सॅम्पलिंग, म्हणजे आजच्या मानाने भरड आवाज, एकूण दहा सेकंदांची मेमरी, आणि एक आवाज जास्तीत जास्त अडीच सेकंदांचा. आज हे यंत्र नव्याने आलं असतं तर पहिल्याच दिवशी सगळ्या व्हिडिओंचा मथळा काय असता? "फक्त दहा सेकंद!" न्यूयॉर्कच्या हिप-हॉपवाल्यांनी काय केलं? तेहतीसच्या वेगाची तबकडी पंचेचाळीसवर फिरवून आवाज भरला, म्हणजे अडीच सेकंदांत सव्वातीन सेकंदांहून थोडा जास्त तुकडा मावला. मग यंत्रात तो पुन्हा खाली, मूळ वेगावर आणला. खाली आणताना आवाजाला एक खर आली, वाळूवरून पाय ओढावा तशी. मेमरी वाचवायला केलेल्या युक्तीतून एका अख्ख्या काळाच्या संगीताचा पोत निघाला. आज लोक संगणकावर चालणारे महागडे प्लगइन घेऊन तीच खर शोधतात.

हे पहिल्या दिवशी कुणाला दिसलं असतं? त्या दिवशी तो दोष होता. गुण व्हायला दोष कुणाच्या तरी हाताखाली महिनोन् महिने रगडावा लागला.

दुसरं उदाहरण मला फार आवडतं. रोलँडचा एसपी-404 हा सॅम्पलर आला 2005 साली, आणि यूट्यूब सुरू झालं तेही 2005 सालीच. म्हणजे त्या यंत्राला 'फर्स्ट इम्प्रेशन'चा सोहळा मिळालाच नाही. त्याची कीर्ती हातोहात वाढली. लॉस एंजेलिसमध्ये 2006 पासून दर बुधवारी 'लो एंड थिअरी' नावाची रात्र भरायची. तिथे पोरं ही यंत्रं टेबलावर ठेवून वाजवायची आणि बघणारे त्यांच्या बोटांकडे बघून शिकायचे. सोळा वर्षांनी, 2021 साली, त्याचा नवा अवतार आला, एमकेटू, तेव्हा जुन्या वाजवणाऱ्यांना काय हवं ते नेमकं ठाऊक होतं. त्यातलं 'स्किपबॅक' घ्या. तुम्ही रेकॉर्डचं बटण दाबलेलं नसलं तरी नुकतंच वाजलेलं यंत्र मागे जाऊन पकडून देतं. रियाज करताना हातून अचानक काही सुंदर निघून जातं, त्याची हळहळ ज्याने भोगली आहे त्यालाच या बटणाची किंमत कळते.

आणि जे डिला. डेट्रॉइटचा माणूस, सॅम्पलरवर हिप-हॉपचे ठोके रचणारा, 2006 साली गेला. त्याचा एमपीसी-3000 सॅम्पलर आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. ठोके आपोआप सरळ रेषेत बसवण्याची सोय यंत्रात होती, पण त्याचे ठोके त्या रेषेतून मुद्दाम सरकलेले असायचे. त्या डुलणाऱ्या ठोक्यावर मला एक तास बोलता…

बरं. चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं राहिली म्हणून. कबूल केलेल्या तीन गोष्टी बाकीच आहेत, तेव्हा भराभर घेतो.

पहिली, खरेदी. हे व्हिडिओ एकाच दिवशी, एकाच तासाला का येतात? कंपनी काही आठवडे आधी निवडक लोकांना यंत्र पाठवते आणि अमुक वेळेआधी काही दाखवायचं नाही असं ठरलेलं असतं. मग एकदम पूर येतो आणि त्या पुराबरोबर यंत्राचं पहिलं बुकिंग सुरू होतं. आपण पैसे टाकतो त्या क्षणी त्या यंत्राबरोबर सहा महिने काढलेला एकही माणूस कंपनीबाहेर नसतो. यात लूपॉप या यूट्यूब चॅनेलवाल्यासारखे लोक आहेत, जे आठवडे घालवून एक-एक मेनू उलगडून दाखवतात, उणिवांची यादी वेगळी देतात. त्यांचा मी ऋणी आहे. पण बाकीचे बरेच जण खोकं उघडल्याच्या आनंदातच थांबतात. आपल्याकडे जाहिरात मानक परिषदेने 2021 साली आणि केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी 2023 मध्ये नियम सांगितले: वस्तू फुकट मिळाली असेल, पैसे घेतले असतील तर तसं स्पष्ट सांगा. चांगलंच झालं. तरी माझं दुखणं त्याने बरं होत नाही. यंत्र फुकट मिळालं का, हे कळतं. ते हाती येऊन किती दिवस झाले, हेही सांगा ना! पडद्यावर कोपऱ्यात एवढंच लिहा: "हे यंत्र माझ्याकडे चार दिवस आहे." माझी एवढीच मागणी आहे.

दुसरी, यंत्र बनवणारे. पहिल्या तासावर विक्री ठरते म्हटल्यावर पहिला तास सजवला जाणारच. कारखान्याचे आवाज झगझगीत, एफेक्ट बोटाशी, पॅडांना रंग. आणि कंटाळवाण्या गोष्टी, म्हणजे प्रोजेक्ट बदलताना आवाज चालू राहणं, बॅकअप, फाइलींची नावं, या "पुढच्या फर्मवेअरमध्ये", म्हणजे यंत्रातल्या सॉफ्टवेअरच्या पुढच्या आवृत्तीत. फर्मवेअर येतं, हे खरं. टीनेज इंजिनिअरिंग कंपनीचा ईपी-133 हा सॅम्पलर नोव्हेंबर 2023 मध्ये 299 डॉलरला आला, कॅलक्युलेटरसारखा देखणा, चौसष्ट एमबी मेमरी. वाजवलेलं यंत्रातच पुन्हा सॅम्पल करायची सोय तेव्हा नव्हती, ती नंतरच्या एका फर्मवेअरने दिली. उत्तम. पण पहिल्या दिवशीचे व्हिडिओ आहेत तिथेच आहेत. आज कुणी ते यंत्र शोधलं तर जुनी उणीव ऐकून परत फिरेल. म्हणजे हे व्हिडिओ दोन्ही बाजूंनी चुकवतात.

तिसरी, संगीत. हे मला सगळ्यात जास्त लागतं. माझ्याकडे शिकायला मुलं येतात. हुशार आहेत, माझ्यापेक्षा बोटं चांगली चालतात. यंत्र आणतात आणि व्हिडिओतला तोच कारखान्याचा ड्रम, तोच एफेक्ट, त्याच जागी फिरवतात. मी विचारतो, तुझ्या घरी सकाळी पहिला आवाज कुठला होतो? एक मुलगा म्हणाला, आजीचा खलबत्ता. मग तो का नाही भरलास? तो म्हणाला, "सर, हे असलं पण भरता येतं?" त्याने एकूण एक व्हिडिओ पाहिले होते, आणि यंत्राचं जे एकमेव काम, ते त्याच्यापर्यंत पोचलंच नव्हतं.

हो, हो, उठतोच. दाराबाहेर टेबलावर मी माझं यंत्र लावून ठेवलं आहे. तेच, सांगलीचं. विकलं नाही, आता पाऊस वेगळ्या छोट्या प्लेअरवर चालवतो आणि बाकी सगळं यावर. त्यातला कारखान्याचा एकही आवाज शिल्लक नाही. पहिल्या दोन बँका, म्हणजे पॅडांचे संच, माझ्या नाटकांच्या आहेत, तिसऱ्या बँकेच्या पहिल्या पॅडवर त्या मुलाच्या आजीचा खलबत्ता आहे. पुढची पंधरा पॅडं मोकळी ठेवली आहेत. फोनमध्ये घरचा एखादा आवाज असेल तर केबल आहे, नसेल तर माइक आहे. चहा होईपर्यंत भरा.